मनोरा उभा राहतो, पण वर बसणार कोण? लातूर-नांदेडच्या ‘व्ह्यू पॉइंट’चा हिशेब

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात पट्टेदार वाघ टिपला गेला. अंगावरचे पट्टे जुळवून बघितले तेव्हा कळलं की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला. नकाशावर टिपेश्वर आणि येडशी यांच्यामध्ये रेघ ओढली तर ती थेट मराठवाड्याच्या पोटातून जाते. येडशी-बार्शीच्या बाजूला जनावरं मारली जाऊ लागली, फोटो आला, तेव्हा कुठं चर्चा सुरू झाली. मधल्या गावांच्या शिवारातून एवढं मोठं जनावर कधी आणि कुठून गेलं, हे सांगणारं कुणी नाही.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरचाच एक तरुण वाघ तेलंगणात उतरून, नांदेड-हिंगोली-वाशिम करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग लागला. कॉलर नसती तर तोही कापसाच्या पाट्यांतून गुपचूप निघून गेला असता.

आता दुसऱ्या बाजूला बघा. याच जिल्ह्यांमध्ये सध्या जिथं जरा उंचवटा आहे तिथं ‘व्ह्यू पॉइंट’ची मागणी आहे. डोंगरावर देवस्थान असलं की पायऱ्या, पेव्हर ब्लॉक, कमान आणि एक मनोरा. तळ्याकाठी सेल्फी पॉइंट. ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा जिल्हा नियोजन समितीच्या पातळीवर मिळतो, त्यामुळे गावचा पुढारी असो की संस्थानचा विश्वस्त, निवेदन घेऊन जाणाऱ्यांची रांग असते. दर्जा मिळाला की निधी, निधी आला की आधी सिमेंट. मागणी चुकीची नाही. शहरातली माणसं लोणावळा-महाबळेश्वरला जाऊन पैसे खर्च करतात, ते थोडे आपल्याकडं आले तर वाईट काय? चहाची टपरी चालेल, गावातल्या पोरांना काम मिळेल. प्रश्न वेगळा आहे. मनोरा म्हणजे मुळात टेहळणीची जागा. वर बसून काही तरी राखायचं असतं. लातूर-नांदेडमध्ये राखायचं काय आणि ते वरून दिसतंय का, हे कामाच्या अंदाजपत्रकात कुठं विचारलं जात नाही.

उंचीचं साधं गणित

जमिनीवर उभ्या माणसाला मोकळ्या रानात, मध्ये काही आड नसेल तर, साधारण साडेचार किलोमीटरपर्यंतची जमीन दिसते. त्यापुढं पृथ्वीचा बाक आड येतो. ४० फुटी मनोऱ्यावर तोच माणूस चढला की त्याची नजर साधारण १३ किलोमीटरवर जाते. म्हणजे सपाट रानात मनोऱ्याचा फायदा मोठा.

पण तोच मनोरा शिवारापासून १०० मीटर उंच असलेल्या डोंगराच्या माथ्यावर बांधला तर? डोंगरावरूनच आधी ३५-३६ किलोमीटरपर्यंत क्षितिज दिसतं. वर ४० फुटांचा मनोरा चढवला की त्यात दोन किलोमीटरची भर पडते. हवेत धूळ असली, आणि उन्हाळ्यात ती असतेच, तर तेवढीही नाही. डोंगराच्या टोकावर दगडाचा कठडा बांधला, चार माणसं सावलीत बसतील असा छोटा मंडप केला, तरी काम भागतं. उलट किनवटच्या सागाच्या जंगलात सपाटीवर उभं राहिलं तर समोरच्या वीस झाडांपलीकडं काही दिसत नाही. मनोऱ्याची खरी गरज तिथं आहे, आणि पर्यटनाच्या मागण्या मात्र माथ्यावरच्याच येतात.

ही आकडेमोड शाळेतलं पोरगंही करून दाखवेल. तरी कामं उलटी मागितली जातात, कारण डोंगराच्या टोकावरचा मनोरा रस्त्यावरून दिसतो. जंगलातला मनोरा आमदाराला दिसत नाही आणि मतदारालाही दिसत नाही.

बेटं आहेत, झाडं नाहीत

लातूरला टेहळणीच्या जागांची कमी कधीच नव्हती. आपल्याकडं एकट्या उभ्या डोंगराला ‘बेट’ म्हणतात. उदगीरजवळचं देवर्जनचं हत्तीबेट सगळ्यांना माहीत आहे. तिथं गुहा आहेत, गंगाराम महाराजांची समाधी आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निजामाच्या काळात किसान दलाच्या पोरांनी याच बेटाच्या आधारानं रझाकारांशी झुंज दिली. बेट का निवडलं असेल, ते वर चढलं की कळतं. कोणत्या गावाकडून कोण येतंय हे आधी दिसायचं. १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की भाषणात हत्तीबेटाचं नाव येतं, पण ती टेहळणीची जागा होती हे सांगणारा एक धड फलक तिथं असला तर कोणत्याही मनोऱ्यापेक्षा जास्त कामाचा ठरेल.

औसा तालुक्यातली खरोशाची लेणी अशाच डोंगरात. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं संजीवनी बेट. तिथल्या वनौषधींसाठी पावसाळ्याच्या शेवटी दूरदूरची माणसं येतात. शिवाय औसा, उदगीर, कंधार इथले भुईकोट आणि गावोगावच्या ढासळलेल्या गढ्या. गढीचा बुरूज म्हणजे त्या काळचा मनोराच होता. बाहेरून धाड येतेय का हे बघायला वर माणूस असायचा, आणि त्याला गावाकडून बलुतं किंवा इनाम असायचं. बुरूज बांधला आणि माणूस ठेवला नाही, असं तेव्हा कुणी केलं नसतं.

पण या बेटांवरून आज दिसतं काय? लातूर हा राज्यातल्या सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. जिल्ह्याच्या क्षेत्रफळात जंगल एक टक्काही भरत नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं देशाच्या एक तृतीयांश जमिनीवर झाडं हवीत असं म्हटलं होतं, त्याच्या तुलनेत आपण कुठं आहोत ते सांगायला नको. पावसाळ्यात वरून सोयाबीनचं हिरवं शिवार छान दिसतं, मोबाईलमध्ये फोटो चांगला येतो. मार्चनंतर त्याच जागेवरून काळी उघडी जमीन आणि मुरमाड माळ दिसतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो जिल्हा हाच.

म्हणून लातूरमध्ये ‘निसर्ग पर्यटन’ म्हणून पैसा येणार असेल तर त्यातला मोठा वाटा बेटाच्या उतारावर जायला हवा. सलग समतल चर, चराईबंदी, पहिली तीन वर्षं राखण. उघड्या माळाला नुसतं राखलं तरी करवंद, बोर, हिवर, पळस आपोआप उठतात, खड्ड्यांत रोपं लावण्याच्या फोटोंपेक्षा हे स्वस्त पडतं. यात एक अडचण आहे आणि ती लपवून उपयोग नाही. चराईबंदी केली की शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घरांचं काय? त्यांना चारा कापून न्यायची मुभा, राखणीची मजुरी त्यांच्यातल्याच माणसाला, असं ठरवलं नाही तर रात्री कुंपण तुटतं. ज्या गावांनी हे आधी ठरवलं नाही त्या गावांतली रोपवनं कुठं गेली, ते आपापल्या शिवारात जाऊन बघता येईल.

किनवट-माहूरची गोष्ट वेगळी

नांदेड जिल्ह्याचं खरं जंगल किनवट आणि माहूर तालुक्यात. काही हदगाव, हिमायतनगर, भोकरच्या बाजूला. इकडं बघायला खूप काही आहे. माहूरगडावर रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया माता, खाली किल्ला, जवळच वझऱ्याचा शेख फरीद धबधबा. इस्लापूरच्या पुढं पैनगंगेवरचा सहस्रकुंड. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. पैनगंगेच्या पलीकडं अभयारण्य. पावसाळ्यात सहस्रकुंडाला नांदेड, यवतमाळ आणि तेलंगणातूनही गाड्या येतात. भरलेली पैनगंगा काळ्या दगडावरून कोसळते तेव्हा आवाज लांबून ऐकू येतो आणि माणूस भान विसरून पुढं पुढं जातो.

तिथंच धोका आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला पुण्याजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनं कोसळला, चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता. फलक माणसाला अडवत नाही, माणूसच माणसाला अडवतो. सहस्रकुंड असो की वझरा, जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत दोन पोहणारे पोरं, दोर, शिट्टी आणि वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप वेळेवर पोचवणारा एक फोन, याचा खर्च एका कमानीपेक्षा कमी आहे. इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली पैनगंगा किती वाढते हे काठावरच्या शेतकऱ्याला कळतं, गाडी घेऊन आलेल्या पाहुण्याला कळत नाही.

किनवटच्या मनोऱ्यांचं दुसरं आणि मोठं काम म्हणजे वणवा. दरवर्षी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाच्या दृष्टीनं आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातलं गवत-पाचोळा आधीच जाळून-झाडून मोकळं करायचं, की आग पलीकडं जाऊ नये. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूला नवा पाला फुटावा म्हणूनही आग लावली जाते, कुणी बिडी टाकतं, कुणी बांध जाळताना आग सुटते. दोष एकाचा नसतो. सागाचं मोठं झाड आगीतून वाचतं, पण खालची रोपं, गवत आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी संपतात. पुढच्या पावसात उघडी माती ओढ्यात जाते. आणि सागाची चोरी हा तर इथला जुनाच आजार. रात्री कुऱ्हाड कुठल्या बाजूला वाजली, गाडी कोणत्या वाटेनं निघाली, हे सांगायलाही वर कुणी तरी लागतं.

टेहळणीच्या मनोऱ्याचं शास्त्र याच भागाला नवं नाही. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दक्षिणेकडून भारत मोजत आणला तेव्हा १८१५ मध्ये बिदरजवळ त्याची एक पायारेषा मोजली गेली आणि तिथून माप उत्तरेकडं सरकलं. डोंगराच्या माथ्यावर उभं राहायचं, दुसऱ्या दोन माथ्यांवरच्या खुणांकडं कोन मोजायचा, त्यावरून अंतर काढायचं. हैदराबादहून नागपूरला निघालेला लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. काम पुढं जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं. वणव्याची जागा शोधायची रीत अगदी हीच. दोन मनोऱ्यांवर दोन माणसं, दोघांनी धूर कोणत्या दिशेला आहे ते सांगायचं, नकाशावर दोन रेघा जिथं छेदतात तिथं आग. एकटा मनोरा दिशा सांगतो, अंतर सांगत नाही. म्हणून मनोरे जोडीनं हवेत, एकमेकांना दिसतील असे. कोणत्या गावाच्या पुढाऱ्याची चलती आहे यावर जागा ठरली तर ही जोडी जमत नाही.

अमेरिकेत १९१० च्या भयंकर वणव्यानंतर हजारो मनोरे बांधले गेले आणि प्रत्येकावर उन्हाळाभर पगारी माणूस बसवला. पुढं विमानं, कॅमेरे, उपग्रह आले तसे बरेच मनोरे रिकामे झाले, मग त्यातले काही पर्यटकांना रात्री मुक्कामाला भाड्यानं द्यायला सुरुवात झाली. आधी राखण झाली, मग पर्यटन. आपण पर्यटनापासून सुरुवात करतोय.

आता मोबाईलवर निरोप येतो

कुणी म्हणेल, उपग्रह असताना मनोऱ्यावर माणूस कशाला? यात तथ्य आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या मदतीनं आगीची सूचना मोबाईलवर पाठवते, आणि ही सूचना मिळवायला वन विभागातच असावं लागतं असं नाही. साध्या नागरिकालाही त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवता येतं. पण उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो. त्याचा एक ठिपका जमिनीवर पावणेचारशे मीटरचा, काही उपग्रहांचा एक किलोमीटरचा असतो. दुपारी दोन वाजता लागलेली छोटी आग त्याला दिसेपर्यंत ओढा ओलांडून गेलेली असू शकते. मनोऱ्यावरच्या माणसाला ती धूर असतानाच दिसते. उपग्रह आणि माणूस दोन्ही लागतात. वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६ हा टोल फ्री क्रमांक आग, शिकार, तोड या सगळ्यासाठी आहे, तो फोनमध्ये साठवून ठेवायला पैसे पडत नाहीत.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा बांधून गोफण घेऊन बसणारी पिढी अजून जिवंत आहे. आता पाखरांपेक्षा रानडुक्कर आणि रोह्यांचा त्रास जास्त, म्हणून रात्री बॅटरी घेऊन जागावं लागतं. चार बल्ल्यांचा, कडब्यानं शाकारलेला माळा हा शिवारातला सगळ्यात स्वस्त मनोरा, आणि त्यावर कायम माणूस असतो, कारण खाली त्याचं पीक असतं.

कायदा काय म्हणतो

इथं गावकऱ्यांनी कान टवकारावेत असा एक बदल झालाय. वन संवर्धन कायद्यातली दुरुस्ती १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली. आधी जंगलाच्या जमिनीवर जंगलाव्यतिरिक्त काही करायचं तर केंद्राची परवानगी लागायची. नव्या तरतुदीनुसार वन विभागाच्या कार्य आयोजनेत किंवा वन्यजीव आराखड्यात घातलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी ‘वनेतर काम’ धरल्या जात नाहीत. प्राणिसंग्रहालय आणि सफारीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपली परवानगी घ्यायला सांगितली आहे, पण मनोरा, पायवाट, तंबूघरं यांची वाट बरीच सोपी झाली.

उलट वनहक्क कायदा २००६ बघा. गावासाठी जंगलाची एक हेक्टरच्या आतली जमीन ज्या १३ कामांना देता येते त्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता, समाजमंदिर आहे. त्यालाही ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत. या यादीत पर्यटन नाही. म्हणजे आश्रमशाळेच्या पोरांच्या पाण्याच्या टाकीला ग्रामसभेपासून कागद फिरवायचा, आणि पाहुण्यांच्या मनोऱ्याचा कागद थेट आराखड्यातून निघणार. किनवटच्या अनुसूचित क्षेत्रात गोंड, कोलाम, आंध, परधान समाजाची गावं आहेत, तिथं पेसा लागू आहे, राज्याचे पेसा नियम २०१४ चे आहेत. ज्या जंगलात ही माणसं मोहफूल आणि तेंदू वेचतात तिथं निसर्ग पर्यटन येणार असेल तर त्यांच्या ग्रामसभेला आधी विचारायला हवं, कुंपण झाल्यावर नव्हे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला तर जंगल राखायचा आणि त्याची व्यवस्था लावायचा हक्क कायद्यानंच आहे. तो कागद कपाटात ठेवून उपयोग नाही.

गावाच्या हातात व्यवस्था दिली तर काय होतं याचं उदाहरण साताऱ्याच्या कास पठारावर आहे. फुलांच्या हंगामात तिथं दिवसाला ३००० माणसांचीच मर्यादा, आधी ऑनलाइन बुकिंग, शुल्क, आणि देखरेख परिसरातल्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडं. गावातली माणसं शिट्टी वाजवून फुलांवर पाय देणाऱ्याला बाहेर काढतात. तिथंही कुंपणावरून, वाहनतळावरून वाद झाले, सगळं गोड नाही. पण पैसा गावात राहतो. याच्या उलट चिखलदऱ्याचा काचेचा स्कायवॉक. सिडकोचं काम, लांबी ४०७ मीटर, जगात गाजणार म्हणून जाहिरात झाली आणि मेळघाटच्या व्याघ्र क्षेत्रातल्या मंजुऱ्यांत तो कित्येक वर्षं अडकून राहिला. एवढ्या पैशात किती पाड्यांवर होम स्टे उभे राहिले असते, हा हिशेब कुणी मांडला नाही.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभाग राज्यातल्या अभयारण्यांत पाणवठ्यावरच्या मचाणावर लोकांना बसवतो. टिपेश्वर आणि पैनगंगेतही हा ‘निसर्गानुभव’ होतो. त्या एका रात्रीसाठी शहरातली माणसं शुल्क भरून, मोबाईल बंद ठेवून, डास खात बसतात. मचाण साधं, लाकडाचं किंवा लोखंडाचं. म्हणजे पाहुण्याला काचेची फरशी लागतेच असं नाही. मार्गदर्शक म्हणून बरोबर कोलाम किंवा आंध पोरगं असेल, ज्याला पाऊलखूण वाचता येते, तर पाहुणा पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

आपल्या गावात मनोरा किंवा व्ह्यू पॉइंट मंजूर झालाच असेल, तर ग्रामसभेत काही गोष्टी विचारून घ्याव्यात. जागा कुणाची, वन विभागाची, गायरान की देवस्थानची? अंदाजपत्रकात देखभालीला किती आणि दोष दायित्वाचा काळ किती वर्षांचा? लोखंडी असेल तर रंग कोण देणार, वीज पडू नये म्हणून तडितरक्षक आहे का? आपल्याकडं जून आणि ऑक्टोबरात वीज पडून माणसं मरतात, उंच जागेवरचा लोखंडी मनोरा तिला आमंत्रण देतो. वर एका वेळी किती माणसं हे लिहिलंय का, आणि ते मोजणारा माणूस कोण, त्याला पगार कोण देणार? उत्तर तोंडी मिळालं तर ठरावात लिहून घ्यावं. लेखी मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि अंदाजपत्रकाची व मोजमाप पुस्तिकेची प्रत मागता येते.

किनवट-माहूरच्या गावांनी एक तारीख अजून लक्षात ठेवावी. जाळरेषेचं काम १५ फेब्रुवारीच्या आत व्हायला लागतं आणि हंगामी अग्निरक्षक त्याच सुमारास रोजंदारीवर घेतले जातात. आपल्या वनपरिक्षेत्रात किती अग्निरक्षक घेणार, त्यातले आपल्या गावचे किती आणि मनोऱ्यावर पाळी कुणाची, हे विचारायला जानेवारीची ग्रामसभा बरी.